सुंडल घरी कसं करायचं (आणि पचपचीत का होतं)

सुंडल म्हणजे तमिळनाडूतला एकदम साधा खाऊ. कडधान्य शिजवायचं, वर फोडणी आणि ओलं खोबरं, बस. आपल्या उसळीचं भावंड म्हणा हवं तर, पण यात रस्सा अजिबात नसतो, कांदा-लसूण-मसाला नसतो. तमिळमध्ये उकळून पाणी आटण्याला जो शब्द आहे त्यावरूनच सुंडल हे नाव आलंय, म्हणजे कोरडं होणं हीच या पदार्थाची खरी ओळख. बहुतेकांचं बिघडतं तेही तिथेच.

नवरात्रात तिकडे घरोघरी कोलू मांडतात, पायऱ्यापायऱ्यांवर बाहुल्या, आणि संध्याकाळी बघायला येणाऱ्या बायकांना विड्याच्या पानांसोबत सुंडल देतात. रोज वेगळं कडधान्य, आज काळे हरभरे तर उद्या चवळी, परवा मूग. नैवेद्याचं असतं म्हणून कांदा-लसूण नाही. आणि चेन्नईला मरीना बीचवर जे मिळतं ते 'तेंगा मांगा पट्टाणी सुंडल', म्हणजे खोबरं, कैरी आणि वाटाणा, कागदाच्या पुडीत गरम गरम.

पहिल्यांदा करणार असाल तर काबुली चणे किंवा काळे हरभरे घ्या, वाटाणा लगेच गळतो. १ कप चणे रात्री भरपूर पाण्यात भिजत घाला, ८-१० तास तरी हवेत, फुगून दुप्पट-अडीचपट होतात म्हणून भांडं मोठं घ्या. सकाळी ते पाणी टाकून द्या, नवीन पाणी चण्यांच्या जेमतेम वर येईल एवढंच, आणि मीठ आत्ताच घाला, नंतर वरून घातलेलं मीठ सालाच्या बाहेरच राहतं आणि आतला दाणा अळणी लागतो. कुकरला काबुलीला ४-५ शिट्ट्या, काळ्या हरभऱ्याला एखाद-दुसरी जास्त, पांढऱ्या वाटाण्याला आणि चवळीला २-३ पुरतात, मूग तर मी कुकरला लावतच नाही, उघड्या पातेल्यात नजरेसमोर शिजवते. चणे जुने असतील तर वेळ जास्त लागतो. सोडा मात्र घालू नका प्लीज, सालं सुटतात आणि दाण्याची चव जाते.

आता शिजलंय की नाही ते शिट्ट्यांवर सोडू नका. एक दाणा अंगठा आणि बोटाच्या मध्ये धरून दाबा, सहज चेपला गेला पाहिजे पण दाबेपर्यंत आकार अख्खा राहिला पाहिजे, आत पांढरा कच्चा ठिपका दिसला तर अजून एक शिट्टी. मग लगेच चाळणीत ओता आणि १०-१५ मिनिटं तसंच निथळू द्या. ही पायरी लोक गडबडीत उरकतात आणि मग सुंडल पचपचीत होतं, माझंही सुरुवातीला दर वेळी हेच व्हायचं कारण निथळलेले वाटणारे चणे कढईत गेले की परत पाणी सोडतात. ते गाळलेलं पाणी ओतून देऊ नका बरं, तिकडे ते रसममध्ये घालतात आणि खरंच छान लागतं.

फोडणी पाच मिनिटांची. २ चमचे तेल, खोबरेल किंवा तिळाचं असेल तर उत्तम, नाहीतर रोजचं चालेल. मोहरी तडतडली की १ चमचा उडीद डाळ, ती गुलाबीसर होईपर्यंत थांबायचं कारण खाताना मध्येच येणारी ती कुरकुरीत डाळ म्हणजे अर्धं सुंडल आहे, मग २ सुक्या लाल मिरच्या तोडून, किसलेलं आलं, हिंग, ताजा कढीपत्ता. हळद नको. चणे टाका आणि मोठ्या आचेवर ३-४ मिनिटं परता, कढईच्या तळाशी ओल दिसायची बंद झाली आणि दाण्यांवर तेलाची चमक आली की झालं. गॅस बंद करा आणि मगच ३-४ चमचे खवलेलं ओलं खोबरं घाला, आचेवर घातलं तर ते कोरडं पडतं आणि त्याचा गोडवा जातो. वरून लिंबू पिळा.

बीचसारखं हवं असेल तर वाटाणे घ्या आणि कैरीचे बारीक तुकडे, खोबऱ्याचे पातळ काप शेवटी मिसळा. कैरी शिजताना घालायची नाही, आंबटामुळे दाणे लवकर मऊ पडत नाहीत. थोडं खमंग आवडत असेल तर धणे, चणाडाळ आणि लाल मिरची कोरडी भाजून भरड पूड करून परतताना १ चमचा टाका.

डब्यात न्यायचं असेल तर खोबरं वगळा किंवा वेगळं न्या, गरम हवेत ते दुपारपर्यंत आंबतं. घरी खाणार असाल तर कढईतून थेट वाटीत, कोमट असतानाच.