अंगणातलं थोरियम : किरणोत्सारी जागा साफ करण्याच्या कामात येणाऱ्यांसाठी

पहिल्या दिवशी माझ्या कानांवर हेडफोन चढवला, हातात किरणोत्सार टिपणारा सोडियम आयोडाइडचा प्रोब दिला आणि एका घरामागच्या हिरवळीवर चालायला सांगितलं. प्रोब जमिनीपासून १० सेंटिमीटर वर धरायचा आणि सेकंदाला अर्धा मीटर सरकायचं, म्हणजे देवळात प्रदक्षिणा घालतो तितक्याच संथपणे. कानात टक-टक चालू होती; जितका किरणोत्सार जास्त, तितकी ती जलद. मुलांच्या झोपाळ्यापाशी पोचले तशी त्या टक-टकीची एकदम सर कोसळली. दोन पावलं पुढे गेले, पुन्हा शांत. मी खाली पाहिलं. गवत तेच होतं, तितकंच हिरवं, तसंच कापलेलं. या कामात डोळ्यांवर विसंबता येत नाही, हे तिथेच कळलं.

फिजिक्स किंवा पर्यावरणशास्त्र शिकलेली बरीच मुलं-मुली हल्ली मला विचारतात, की जुन्या कारखान्यांच्या किरणोत्सारी जागा साफ करण्याच्या कामात शिरायचं तर काय करायचं? त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

आधी हा प्रकार आला कुठून ते समजून घ्या. रत्नागिरीला आमच्या घरी वीज गेली की आजोबा पेट्रोमॅक्स काढायचे. नवं मेंटल बांधलं की ते आधी जाळून घ्यायचे. मग पांढऱ्या राखेची जाळी उरायची. "बोट लावू नकोस हां, चुरा होईल," असं दरवेळी बजावायचे. ती जाळी म्हणजे जवळजवळ सगळी थोरियम ऑक्साइड. हे थोरियम, म्हणजे एक किरणोत्सारी धातू, मोनाझाइट नावाच्या वाळूतून काढत. केरळातून जर्मनीला गेलेल्या काथ्याला चिकटलेली वाळू पाहून शॉमबर्ग या जर्मन रसायनतज्ज्ञाने १९०९ साली त्रावणकोरच्या किनाऱ्यावरचं मोनाझाइट ओळखलं. पुढे ब्राझील आणि त्रावणकोरची वाळू जगभरच्या मेंटल उद्योगाला जाऊ लागली.

अमेरिकेत न्यू जर्सीतल्या मेवुड गावात मेवुड केमिकल वर्क्स या कारखान्यात १९१६ पासून १९५० च्या दशकापर्यंत मोनाझाइटमधून थोरियम काढलं जात होतं. उरलेला गाळ आवारातल्या खड्ड्यांत साठवत. १९३२ मध्ये रूट १७ हा रस्ता त्या आवारातूनच गेला. पावसाच्या पाण्याबरोबर गाळ लोडी ओढ्याच्या काठाने खालच्या वस्तीपर्यंत वाहत गेला. आणि लोकांनी तो भरावासाठी, बागेत घालण्यासाठी आपल्या हातांनी उचलूनही नेला. कोणाच्या मनात वाईट नव्हतं. फुकट मिळणारी भुसभुशीत माती कोण सोडेल? १९८३ मध्ये ही जागा सुपरफंडच्या, म्हणजे अमेरिकेतल्या घातक कचऱ्याच्या जागा साफ करण्याच्या सरकारी योजनेच्या, राष्ट्रीय यादीत गेली. १९९७ पासून अशा जुन्या जागांच्या सफाईचा सरकारी कार्यक्रम अमेरिकी लष्कराच्या अभियंता दलाकडे आहे.

आता यातली खरी गोष्ट. थोरियम-२३२ चं अर्धायुष्य, म्हणजे ते निम्मं उरायला लागणारा काळ, सुमारे १४०० कोटी वर्षं आहे. ते जाळून जात नाही, धुऊन मरत नाही, कुठल्याही रसायनाने निष्प्रभ होत नाही. आपण माती खणतो, अस्तर घातलेल्या रेल्वेच्या वाघिणींत भरतो आणि युटाच्या वाळवंटातल्या परवानाधारक साठवणीत नेऊन पुरतो. म्हणजे सफाई म्हणजे हलवणं. तेव्हा आपल्या कामाचा गाभा फावडं नाही, नोंद आहे. माल कुठे होता, किती होता, कुठे गेला आणि मागे किती उरला. ज्याला नोंदवहीचा कंटाळा आहे त्याने या वाटेला येऊ नये, असं मी अगदी मनापासून सांगते.

"साफ" म्हणजे किती साफ, हा प्रश्न नवख्यांना सर्वांत जड जातो. शून्य कुठेच नसतं. साध्या शेतातल्या मातीतही ग्रॅममागे एखादी पिकोक्युरी (किरणोत्साराचं एक अगदी छोटं माप) थोरियम असतंच. युरेनियम-थोरियमच्या गाळाच्या जागांसाठी अमेरिकी नियमांत रेडियमचा, म्हणजे युरेनियम-थोरियम मोडत जाताना तयार होणाऱ्या किरणोत्सारी धातूचा, जुना आकडा आहे. नैसर्गिक पातळीच्या वर, पहिल्या १५ सेंटिमीटर मातीत ग्रॅममागे ५ पिकोक्युरी आणि त्याखालच्या थरांत १५. हे आकडे पाठ होतात, पण "नैसर्गिक पातळी" कुठली धरायची इथे खरी अक्कल लागते. तुलनेसाठी निवडलेली जागा त्याच प्रकारच्या मातीची हवी. ग्रॅनाइटची पायरी, विटांची भिंत, जुन्या कोळशाची राख, सगळं मीटरला दिसतं. इतकंच काय, पावसाची सर आली तरी हवेतल्या रेडॉनची पिल्लं (रेडियमपासून निघणारा रेडॉन वायू मोडून बनलेले किरणोत्सारी कण) जमिनीवर उतरतात आणि आकडा वर जातो. म्हणून मी पानाच्या कोपऱ्यात हवामान लिहिते.

एकच दस्तऐवज वाचायचा असेल तर मार्सिम वाचा. अमेरिकेच्या चार सरकारी खात्यांनी मिळून १९९७ मध्ये काढलेली सर्वेक्षणाची ही नियमपुस्तिका फुकट मिळते. जागेचे तुकडे कसे पाडायचे, नमुने किती घ्यायचे, कुठली सांख्यिकी चाचणी लावायची हे तिच्यात आहे. पहिल्या वाचनात काही कळणार नाही. एखादं सर्वेक्षण हातून झालं की दुसऱ्यांदा वाचा, मग प्रत्येक ओळ कामाची वाटेल.

माझ्या हातून झालेली एक चूक सांगते, जागेचं नाव लिहीत नाही. सकाळी मीटर सुरू केल्यावर ठरलेला चाचणी-स्रोत (किरणोत्सार ठाऊक असलेला छोटा नमुना) ठरलेल्या अंतरावर धरून आकडा तक्त्यात भरायचा असतो. मी तो भरला आणि निघाले. दुपारनंतर प्रोबची केबल ढिली झाली आणि आकडे खाली आले. मला वाटलं, वा, हा पट्टा स्वच्छ आहे. संध्याकाळी पुन्हा स्रोत लावला तेव्हा मीटर निम्माही आकडा दाखवेना. दिवसभराचं चालणं रद्द झालं. जास्त आकड्याला सगळे घाबरतात. तेव्हापासून मी अचानक कमी झालेल्या आकड्याला जास्त घाबरते. कारण त्या पट्ट्यावर मी "स्वच्छ" लिहिलं असतं तर उद्या तिथे कोणीतरी घर बांधलं असतं.

दुसरी गोष्ट बाहेर पडतानाच्या तपासणीची. बूट, हात, हेल्मेट यांवरून प्रोब अगदी सावकाश फिरवायचा. कधी हेल्मेटवर आकडा चढतो आणि नवा मुलगा पांढरा पडतो. बहुतेक वेळा प्लॅस्टिकला चिकटलेली रेडॉनची पिल्लं असतात. तासाभराने मोजलं की आकडा बराच उतरलेला असतो. पण थोरियमच्या जागेवर हा हिशेब फसवतो. थोरियम टप्प्याटप्प्याने मोडताना बनणाऱ्या साखळीतल्या शिसे-२१२ चं अर्धायुष्य १०.६ तासांचं आहे. तासाभरात फरक दिसणार नाही. हेल्मेट पिशवीत घालून, चिठ्ठी लावून दुसऱ्या दिवशी मोजायचं. ना घाबरून जायचं, ना "रेडॉनच असेल" म्हणून सोडून द्यायचं.

धोक्याचं विचाराल तर अमेरिकेत कामगाराच्या डोसची, म्हणजे अंगाला लागणाऱ्या किरणोत्साराची, मर्यादा वर्षाला ५० मिलिसिव्हर्ट आहे आणि अशा मातीच्या कामात डोस तिच्या कितीतरी खाली राहतो. धूळ मात्र छातीत जाऊ द्यायची नाही, म्हणून खणताना पाणी मारत राहायचं. जास्त भीती बाळगा ती खंदक ढासळण्याची, मागे येणाऱ्या एक्स्कॅव्हेटरची आणि बंद सूटमधल्या उन्हाळ्याची.

शिक्षणाचं थोडक्यात. भारतात मुंबईला भाभा अणुसंशोधन केंद्राचा रेडिओलॉजिकल फिजिक्सचा वर्षभराचा पदविका अभ्यासक्रम आहे, पाया पक्का होतो. अमेरिकेत हेल्थ फिजिक्सची, म्हणजे किरणोत्सारापासून माणसांना जपण्याच्या शास्त्राची, मास्टर्स करा. घातक कचऱ्याच्या जागेवर काम करण्यासाठीचं ४० तासांचं प्रशिक्षण तर लागतंच. सरकारी कामांपैकी बऱ्याच ठिकाणी नागरिकत्व मागतात, ते कॉलेजला पैसे भरण्याआधी नीट तपासा. आणि जमल्यास पहिली दोन वर्षं टेक्निशियन म्हणून मैदानात काढा. प्रोब न धरलेला इंजिनिअर नकाशावर ठिपके चुकीच्या जागी टाकतो, हे मी पाहिलं आहे.

त्या झोपाळ्याच्या अंगणात एक आजी राहायच्या. आम्ही माती काढली, नव्या तपासलेल्या मातीने खड्डा भरला. त्यांचा एकच प्रश्न, या कोपऱ्यात टोमॅटो लावू का? खड्ड्याच्या तळातले नमुने प्रयोगशाळेत होते. रेडियम-२२६ नीट मोजायचं तर नमुना २१ दिवस हवाबंद ठेवावा लागतो, आत रेडॉन साठू द्यावा लागतो. आजींनी कॅलेंडरवर दिवस खोडायला सुरुवात केली. निकालाचं रीतसर पत्र त्यांच्या घरी आलं तेव्हा त्यांनी मला बोलावून घेतलं. आम्ही पोर्चवर बसून त्यातले दोन आकडे शेजारी शेजारी वाचले, त्यांच्या अंगणाचा आणि गावाबाहेरच्या तुलनेच्या मातीचा. त्यांनी चष्मा लावून दोन्ही पुन्हा एकदा तपासले आणि रोपांचा ट्रे आणायला आत गेल्या.