मोटर जोडल्यावरही नीट चालणारा स्पीड कंट्रोलर: शाळेच्या प्रकल्पासाठी

विज्ञान प्रदर्शन जवळ आले की निफाड-दिंडोरीकडून कांदा चाळीत हवा खेळवणाऱ्या पंख्याचे मॉडेल येते, शहरातून छोटी गाडी किंवा लिफ्ट येते. सगळ्यांना मोटरचा वेग कमी-जास्त करायचा असतो आणि हमखास कुणीतरी सांगून ठेवलेले असते, ‘मोटरच्या वायरीत एक पॉट घाल, झाले काम.’ (पॉट म्हणजे घुंडी फिरवून रोध कमी-जास्त करता येणारा रेझिस्टर.) असे अजिबात करू नका. पॉटवर ६ व्होल्ट पडले आणि त्यातून अर्धा अँपिअर वाहिला, तर ३ वॅट उष्णता तयार होते. दुकानातला साधा कार्बनचा पॉट पाव वॅटाच्या आसपासचा असतो. तो धूर सोडतो, आणि सोडला नाही तरी भार येताच मोटर जागच्या जागी बसते. घरच्या पंख्याचा रेग्युलेटरही इथे चालत नाही. २३० व्होल्टच्या वाटेला तर शाळेच्या प्रकल्पात जायचेच नाही.

योग्य मार्ग पीडब्ल्यूएमचा. मोटरला पूर्ण १२ व्होल्ट द्यायचे, पण सेकंदाला हजारभर वेळा चालू-बंद करून. चालू राहण्याचा वाटा वाढवला की वेग वाढतो.

सामान नाशिकच्या एम. जी. रोडच्या बाजूला इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत एका फेरीत मिळावे: ५५५ टायमर आयसी (चालू-बंदचे ठोके देणारी चिप), १०० के (किलोओहम) पॉट, १एन४१४८ डायोड (प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणारे) दोन, १एन४००७ एक, १एन५८२२ एक, आयआरएफझेड४४एन मॉसफेट (मोटर चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच), १ के, १० के आणि १०० ओहमचे रेझिस्टर, १० नॅनोफॅरडचे दोन कपॅसिटर, ०.१ मायक्रोफॅरडचे दोन, १०० आणि ४७० मायक्रोफॅरडचे २५ व्होल्टवाले एकेक, २ अँपिअरचा फ्यूज. मोटर ब्रशवाली, १२ व्होल्टची घ्या. कॉम्प्युटरमधला जुना पंखा आणू नका. तो ब्रशलेस असतो, त्याच्या आत स्वतःचे सर्किट असते आणि ते या चालू-बंदला नीट दाद देत नाही. पुरवठ्याला १२ व्होल्ट २ अँपिअरचा अडॅप्टर घ्या. चौकोनी ९ व्होल्टचा सेल मोटरसाठी निरुपयोगी आहे.

५५५ ची जोडणी

पिन १ ग्राउंडला, म्हणजे पुरवठ्याच्या मायनसला. पिन ४ आणि ८ प्लसला. पिन २ आणि ६ एकमेकींना जोडून त्यांच्यापासून ग्राउंडला १० नॅनोफॅरड. पिन ५ पासून ग्राउंडला दुसरा १० नॅनोफॅरड. पिन ८ ते ७ मध्ये १ के. आता पिन ७ पासून दोन १एन४१४८ निघतात: एकाची काळी पट्टी पॉटच्या एका टोकाकडे, दुसऱ्याची पट्टी पिन ७ कडे आणि उरलेला पाय पॉटच्या दुसऱ्या टोकाला. पॉटचा मधला पाय पिन २-६ ला. कपॅसिटर पॉटच्या एका बाजूने भरतो, दुसऱ्या बाजूने रिकामा होतो. म्हणून पॉट फिरवला तरी वारंवारता जवळपास तीच राहते, सुमारे १४०० हर्ट्झ.

मॉसफेट

छापील बाजू समोर धरली की डावीकडून गेट, ड्रेन, सोर्स. सोर्स ग्राउंडला. पिन ३ पासून १०० ओहममधून गेटला. गेटपासून ग्राउंडला १० के. मोटर प्लस आणि ड्रेनच्या मध्ये. मागचा धातूचा पत्रा आतून ड्रेनलाच जोडलेला असतो, तो कशालाही टेकू देऊ नका.

आता मोटर जोडायची घाई करू नका. आधी मोटरच्या जागी मोटरसायकलच्या इंडिकेटरचा १२ व्होल्टचा बल्ब लावा. पॉट फिरवल्यावर तो मंदपासून पूर्ण उजेडापर्यंत एकसारखा गेला, तर वरची सगळी जोडणी बरोबर आहे.

मोटर जोडताना

बल्ब सुरळीत चालतो, मोटर लावली की वेग आपोआप वरखाली होतो, मध्येच धक्के बसतात, मॉसफेट तापतो. माझा सर्वांत जास्त वेळ इथेच गेला आहे, आणि शिकवणारे नेमके हेच दोन ओळींत उरकतात. अशा वेळी मुले आयसी बदलतात, मग पॉट, मग मॉसफेट. काही बदलू नका. बल्ब चालत होता म्हणजे दोष मोटरच्या बाजूला आहे, आणि तिथे तीनच गोष्टी बघायच्या असतात.

पहिली, डायोड. मोटरच्या वेटोळ्यातला प्रवाह एकदम तोडला की ते उलट व्होल्टेजचा झटका देते. आपल्या मॉसफेटची मर्यादा ५५ व्होल्टची. झटका तिच्याही वर जाऊ शकतो. १एन५८२२ ची पट्टी प्लसला, दुसरा पाय ड्रेनला, आणि तो मॉसफेटच्या अगदी शेजारी बसवा, मोटरच्या लांब वायरींच्या पलीकडे नाही. पट्टी दोनदा तपासा. डायोड उलटा बसला तर मॉसफेट चालू होताच पुरवठा शॉर्ट होतो. पुरवठ्याच्या प्लस वायरीतला फ्यूज त्यासाठीच आहे, तो गाळू नका. ‘छोटी मोटर आहे, डायोड नसला तरी चालतो’ असे सांगणाऱ्याचे ऐकू नका. मॉसफेट पहिल्या दिवशी तगतो आणि प्रदर्शनाच्या दिवशी जातो.

दुसरी, ग्राउंड. हा दोष सर्किटच्या चित्रात दिसत नाही, म्हणून सापडत नाही. चित्रात सगळे ग्राउंड एकच. प्रत्यक्षात ती वायर असते आणि तिला रोध असतो. मोटर सुरू होताना नेहमीच्या कितीतरी पट प्रवाह ओढते. तो प्रवाह आणि ५५५ चा ग्राउंड ब्रेडबोर्डच्या (सोल्डर न करता जोडणी करायच्या बोर्डच्या) एकाच पट्टीतून गेला, तर ५५५ च्या दृष्टीने ग्राउंडच वरखाली होतो आणि ती चुकीच्या क्षणी पालटते. सोर्सपासून पुरवठ्याच्या मायनसपर्यंत जाड वायर थेट न्या. ५५५ चा ग्राउंड वेगळ्या वायरीने त्याच बिंदूला आणा. मोटरचा प्रवाह ब्रेडबोर्डमधून जाऊच देऊ नका, तिथल्या क्लिपा त्यासाठी नाहीत.

तिसरी, ५५५ चा पुरवठा. प्लस थेट न देता १एन४००७ मधून द्या, पट्टी आयसीकडे, आणि डायोडच्या पुढे १०० मायक्रोफॅरड. पिन ८ आणि १ ला चिकटून ०.१ मायक्रोफॅरड. मोटरमुळे पुरवठा क्षणभर खचला तरी आयसीचा साठा शाबूत राहतो. ४७० मायक्रोफॅरड मुख्य पुरवठ्यावर, मॉसफेटजवळ, दुसरा ०.१ मोटरच्या दोन पायांवर थेट सोल्डर करा, ब्रशच्या ठिणग्यांचा त्रास कमी होतो.

तपासणी मल्टिमीटरने. पिन ५ वर आयसीच्या पुरवठ्याच्या दोन तृतीयांश, म्हणजे साडेसात व्होल्टच्या आसपास दिसायला हवे. मोटर चालू असतानाही आकडा स्थिर राहिला, तर काम झाले. तो नाचत असेल, तर पुन्हा ग्राउंडकडे वळा.

अगदी कमी वेगावर मोटर नुसती गुणगुणते, फिरत नाही. घर्षण मोडायला जोर पुरत नाही. आधी पॉट वाढवा, फिरली की कमी करा. परीक्षकांनी विचारलेच तर हेच कारण सांगा.

चालले की झिरो पीसीबीवर (नुसत्या भोकांच्या तयार बोर्डवर) सोल्डर करा. मोटरच्या वायरींना स्क्रूचे कनेक्टर लावा आणि जादा फ्यूज डब्यातच टेपने चिकटवून ठेवा.