ट्रान्सवेल प्रयोग: ‘औषधाने पेशी थांबल्या’ असं लिहिण्याआधी या चुका टाळा

मोठ्या आतड्याच्या कर्करोगात रुग्ण दगावतो तो बहुतेक वेळा यकृतात किंवा फुप्फुसात पसरलेल्या आजारामुळे. म्हणूनच नवं औषध हाती आलं की प्रयोगशाळेत ट्रान्सवेल लावतात: ८ मायक्रॉनच्या छिद्रांचा पडदा, वर पेशी, खाली त्यांना ओढून घेणारं सीरम (रक्तातला पोषक द्रव). औषध दिलेल्या पडद्याखाली पेशी कमी दिसल्या की ‘प्रसार रोखला’ असं लिहून टाकलं जातं. पण पेशी कमी दिसण्याची कारणं अनेक असतात.

मेलेल्या पेशी ‘थांबलेल्या’ धरणं

सगळ्यात जास्त निष्कर्ष इथेच चुकतात. एचसीटी-११६ या मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या पेशी साधारण २० तासांत दुप्पट होतात. ४८ तासांत ५-फ्लुरोयुरॅसिल या केमोथेरपीच्या औषधाने निम्म्या मारल्या, तर खाली उतरायला उरतील किती? आधी त्याच पेशींवर, तेवढेच तास, एमटीटी (किती पेशी जिवंत आहेत हे रंगावरून सांगणारी चाचणी) करा. तेही सीरम नसलेल्या मीडियममध्येच (पेशी वाढवायच्या द्रावणात), कारण उपाशी पेशींवर तीच मात्रा वेगळा परिणाम करू शकते. ९० टक्क्यांहून अधिक पेशी जगतील अशी मात्रा निवडा आणि शक्य तिथे प्रयोग २४ तासांत संपवा. कंट्रोललाही (औषध न दिलेल्या पेशींना) औषधाबरोबर जातं तेवढंच डीएमएसओ, म्हणजे औषध विरघळवणारं द्रव, द्या, ०.१ टक्क्याच्या आत.

वरही सीरम, खालीही सीरम

पेशी भांड्यापासून सोडवणारं ट्रिप्सिन थांबवायला सीरमचं मीडियम घालावंच लागतं. तेच न धुता इन्सर्टमध्ये (तळाला पडदा असलेल्या वरच्या कपात) गेलं, तर पेशींना खाली जायचं कारणच उरत नाही. २०० जीवर ५ मिनिटं फिरवा, वरचं मीडियम काढा, सीरमविरहित मीडियमने दोनदा धुवा. २४ वेलच्या प्लेटमध्ये इन्सर्टमध्ये २०० मायक्रोलिटरमध्ये ५०,००० ते १ लाख पेशी, खाली १० टक्के सीरमचं ६०० मायक्रोलिटर मीडियम. ट्रिप्सिन गरजेपेक्षा जास्त वेळ ठेवलं तर पृष्ठभागावरची इंटेग्रिन प्रथिनं कापली जातात आणि पेशी पडद्याला धरतच नाहीत. एचटी-२९ ही आतड्याच्या कर्करोगाची पेशी गुठळ्या करते. ४० मायक्रॉनच्या गाळणीतून गाळूनच मोजा.

इन्सर्ट सरळ खाली सोडला तर पडद्याखाली बुडबुडा अडकतो. क्रिस्टल व्हायोलेटने रंगवल्यावर तिथे गोल, कोरा ठिपका दिसतो आणि तो औषधाच्या नावावर जमा होतो. इन्सर्ट तिरका धरून आधी एक कड टेकवा, मग प्लेट उचलून खालून बघा.

पेशी ऊतीत घुसतात का हे बघायचं असेल, तर पडद्यावर मॅट्रिजेल या प्रथिनांच्या जेलचा थर देतात. ते बर्फात ठेवून ४ अंशांवर रात्रभर वितळू द्या. १० अंशांच्या वर ते घट्ट व्हायला लागतं, त्यामुळे टिप्स, नळ्या, मीडियम सगळं थंडगार हवं. ‘१:८’ असं ठरावीक गुणोत्तर वापरू नका. प्रत्येक लॉटमध्ये प्रथिनाचं प्रमाण वेगळं असतं. लॉटवरचा आकडा पाहून २०० ते ३०० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर करा, १०० मायक्रोलिटर घाला, ३७ अंशांवर २ तास ठेवा.

मोजताना वरच्या बाजूच्या पेशी ओल्या कापसाच्या काडीने पूर्ण पुसलेल्या हव्यात. पडद्याची छिद्रंही बारीक गोल दिसतात. पेशी न घातलेला एक इन्सर्ट रंगवून शेजारी ठेवा. कुठला इन्सर्ट कशाचा हे माहीत नसलेल्या सहकाऱ्याकडून मोजून घेतलेलं उत्तम.

पेशीच चुकीच्या निवडणं

एसडब्ल्यू-४८० आणि एसडब्ल्यू-६२० ही जोडी प्रसाराच्या अभ्यासाला फार मोलाची: एकाच रुग्णाची, पहिली मूळ गाठीतली, दुसरी लसिकाग्रंथीतली. पण दोन्हींना सांगितलेलं एल-१५ मीडियम साध्या हवेसाठी बनवलेलं आहे. ५ टक्के कार्बन डायऑक्साइडच्या इन्क्युबेटरमध्ये ते आम्लधर्मी होतं आणि पेशी मंदावतात. डीएलडी-१ आणि एचसीटी-१५ एकाच व्यक्तीच्या आहेत. त्यांना दोन स्वतंत्र पुरावे म्हणू नका. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातून आणलेल्या पेशींचाही पॅसेज क्रमांक (त्या किती वेळा नव्या भांड्यात वाढवल्या) लिहून ठेवा, आणि मायकोप्लाझ्मा या जिवाणूची पीसीआर तपासणी नियमित करा. तो साध्या सूक्ष्मदर्शकात दिसत नाही. ईजीएफआर रोखणारं सेटुक्सिमॅब तपासताना एचसीटी-११६ किंवा एसडब्ल्यू-४८० घेतल्या, तर त्यांच्या केआरएएस जनुकातल्या बदलामुळे परिणाम न दिसणं अपेक्षितच आहे.

यकृतातला प्रसार उंदरावर तपासताना शेपटीच्या शिरेतून पेशी देऊ नका. त्या आधी फुप्फुसात अडकतात. आतड्याचं आणि प्लीहेचंही रक्त पोर्टल शिरेतून यकृतात जातं, म्हणून यकृतातल्या प्रसारासाठी प्लीहेत इंजेक्शन देतात. पेम्ब्रोलिझुमॅबसारख्या, टी-पेशींवरचा पीडी-१ हा लगाम सोडवणाऱ्या औषधांचा प्रश्न न्यूड उंदरांत सुटत नाही, त्यांच्यात टी-पेशींचा अभाव असतो. तिथे बॅल्ब-सी उंदीर आणि त्यांच्याच जातीच्या सीटी-२६ पेशी घ्या, आणि अँटिबॉडी उंदराच्या पीडी-१ विरुद्धची वापरा.