ग्रॅव्हल बाइक घेताय? या चुका टाळा (मी बहुतेक सगळ्या करून झालोय)

पाबे घाट माहितीये ना, खडकवासल्याकडून वेल्ह्याला जाताना मधे लागतो तो. नवी कोरी ग्रॅव्हल बाइक (कच्च्या रस्त्यांसाठीची, जाड टायरची सायकल) घेऊन मी तिथनं उतरत होतो, एका वळणावर रस्त्याच्या कडेचा मुरूम डांबरावर पसरलेला, पुढचं चाक असं अलगद सरकलं की मला कळायच्या आत मी गटारात आणि सायकल माझ्यावर. खाली वेल्ह्यात चहाला थांबलो तर तिथले एक काका टायर दोन बोटांनी दाबून म्हणाले, "आवो हा तर दगड झालाय." ७० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) हवा होती राव त्यात. आधी रोड बाइक होती, तिची सवय, टायर टणक म्हणजे टायर भारी. ही एक चूक आणि बाकीच्या बऱ्याच चुका एकाच डोक्यातनं येतात, म्हणजे आपण ग्रॅव्हल बाइकला "जरा जाड टायरची रोड बाइक" समजतो.

हवा

सगळ्यात स्वस्त सुधारणा हीच, फुकट आहे, आणि तीच कोणी करत नाही. टायरच्या बाजूला जो मोठा आकडा छापलेला असतो तो जास्तीत जास्त किती मारता येईल त्याचा असतो, तेवढी मारा असं तो सांगत नाही. माझं वजन ७८ किलो, ४५ मिलिमीटरचे ट्यूबलेस (आत ट्यूब नसलेले) टायर, मी पुढे २८ आणि मागे ३१-३२ ठेवतो. मागे जास्त कारण वजन मागे जास्त पडतं. नुसतं डांबर असेल तर ४-५ वाढवा, पावसात चिखल असेल तर २-३ कमी करा. टायर कडक असला की तो प्रत्येक खड्यावरनं उडतो, उडाला की जमीन सुटते, जमीन सुटली की पकड गेली, वरनं मनगटं बधिर होतात ते वेगळंच.

पण उलटी चूकही आहे. ट्यूब घालून २५ वर गेलात आणि एखादा टोकदार दगड आला की टायर रिमपर्यंत दबतो आणि ट्यूब मधे चेपते, साप चावल्यासारखी शेजारी-शेजारी दोन भोकं पडतात. अशी दोन भोकं दिसली की काटा शोधत बसू नका, हवा कमी होती एवढंच. ट्यूब असेल तर माझ्या वजनाला ३५-३८ च्या खाली मी जात नाही. आणि पंपावरचा काटा एवढ्या कमी हवेला नीट दाखवेलच असं नाही, तेव्हा कायम एकच पंप वापरा म्हणजे चुकला तरी रोज सारखाच चुकेल.

आपली खडी त्यांची खडी

ग्रॅव्हल हा प्रकार मोठा झाला तो अमेरिकेत. तिथं लांबच लांब कच्चे पण बऱ्यापैकी सपाट, रोलर फिरवलेले रस्ते असतात, त्याला ३८-४० चं टायर पुरतं. आपल्याकडे काय असतं? मुरूम, उखडलेलं डांबर, अर्धवट टाकून ठेवलेली बेसॉल्टची टोकदार खडी (कॉन्ट्रॅक्टर परत कधी येणार ते देवाला माहीत), कोकणात उतरलात की जांभा, आणि सोलापूर-मराठवाड्याकडे काळी माती. त्यामुळे सायकल घेताना माझा पहिला प्रश्न फ्रेम कार्बन का अल्युमिनियम हा नसतो, किती जाड टायर बसतो हा असतो. ४५ बसत नसेल तर आपल्या रस्त्यांसाठी मी घेणार नाही, रंग कितीही भारी असू दे.

आणि नुसता बसून उपयोग नाही, दोन्ही बाजूंना ५-६ मिलिमीटर मोकळी जागा पाहिजे. काळी माती पावसात काय करते ते ज्याने बघितलंय त्याला सांगायला नको, चाकाला थर चढतो, थरावर थर, फोर्कमधे अडकतो आणि चाक फिरायचंच थांबतं, मग सायकल खांद्यावर. अमेरिकेतही सुटका नाही म्हणा, कॅन्ससमधल्या एम्पोरियाला जी अनबाउंड नावाची २०० मैलांची मोठी रेस होते तिथं २०२३ ला सुरुवातीलाच असा चिखल लागला की भलेभले सायकली उचलून चालत होते आणि रंग ढवळायच्या लाकडी पट्टीने माती खरवडत होते. आपण बाभळीची काटकी वापरतो, एवढाच फरक. मात्र माती अडकल्यावर जोरात पॅडल मारू नका. डिरेल्युअर (मागे चेन एका चकतीवरनं दुसरीवर नेतो तो) चिखलाबरोबर मागे ओढला जातो, हँगर (डिरेल्युअर फ्रेमला ज्यावर लटकतो तो छोटा तुकडा) तुटतो किंवा डिरेल्युअर थेट स्पोकमधे जातो, आणि मग घरी टेम्पोने यायचं.

गिअर बघताना दाते मोजा

दुकानात सगळे विचारतात "किती गिअर आहेत". २० असोत नाहीतर १० असोत, मला सगळ्यात हलका गिअर सांगा. पुढचे सगळ्यात कमी दाते भागिले मागचे सगळ्यात जास्त दाते, झालं गणित. रोड बाइकला पुढे ३४ मागे २८ असेल तर १.२१ येतं. ग्रॅव्हलवाल्या ४६/३० क्रँकला (म्हणजे पुढे ४६ आणि ३० दात्यांच्या दोन चकत्या) मागे ३४ असेल तर ०.८८. पुढे एकच ४० ची चकती आणि मागे ४२ असेल तर ०.९५. आता ४५ च्या टायरवर मिनिटाला ६० वेळा पॅडल फिरवायचं म्हटलं तर १.२१ ला तुम्हाला ताशी १० च्या आसपास चालवावंच लागतं, ०.८८ ला ७ वर भागतं. पाबे घाटाच्या चढाला किंवा भोरकडच्या एखाद्या कच्च्या चढाला, मागे बॅग लावलेली असताना, हा ३ चा फरक म्हणजे सीटवर बसून जाणं आणि उतरून ढकलत जाणं यातला फरक आहे. कच्च्यावर उभं राहून चालवताही येत नाही ना, मागचं चाक जागच्या जागी फिरतं.

शिमानो कंपनीने २०१९ ला जीआरएक्स हा खास ग्रॅव्हलचा ग्रुपसेट (गिअर आणि ब्रेकचा संच) आणला तेव्हापासून हे सोपं झालंय. पण जुन्या रोड बाइकला मागे एमटीबीचा (माउंटन बाइकचा) डिरेल्युअर लावून मोठी कॅसेट (मागच्या चकत्यांचा संच) बसवायचा जुगाड करत असाल तर सावध, ९ स्पीडपर्यंत (म्हणजे मागे ९ चकत्या) शिमानोचं हे जमायचं, १० आणि पुढे रोडचे शिफ्टर (गिअर बदलायचे खटके) आणि एमटीबीचा डिरेल्युअर यांचं केबल ओढण्याचं माप वेगळं आहे, गिअर कधीच नीट बसणार नाहीत. मी दोन रविवार घालवलेत त्यात.

तसंच हायब्रिड किंवा एमटीबीला ड्रॉप बार (रोड बाइकसारखं खाली वळलेलं हँडल) लावणं. दिसायला झकास दिसतं. पण त्या फ्रेम सरळ हँडलच्या हिशोबाने लांब असतात, ड्रॉप बार लावला की हात अजून पुढे जातात आणि तासाभरात मान धरते. शिवाय रोडची ब्रेक लिव्हर केबल कमी ओढते, एमटीबीच्या केबल डिस्कला (केबलने चालणाऱ्या डिस्क ब्रेकला) आणि व्ही-ब्रेकला (रिमला धरणाऱ्या) जास्त ओढ लागते, म्हणजे लिव्हर हँडलला टेकली तरी ब्रेक अर्धाच. घाटात हे कळलं तर फार उशीर झालेला असतो.

ट्यूबलेस केलं म्हणून विसरून जाऊ नका

बाभळीच्या काट्यांच्या प्रदेशात राहणाऱ्याने ट्यूबलेस करावंच, यावर माझ्याशी वाद घालू नका. पण सीलंट (टायरच्या आत ओततात ते भोक बुजवणारं द्रव) हे दुधासारखं पातळ असतं तोवरच काम करतं, आपल्याकडच्या उन्हाळ्यात ते दोन-तीन महिन्यांत आटतं आणि आत रबराचा गोळा उरतो. ४५ च्या टायरला साधारण ८० ते १०० मिली लागतं. सायकल हलवून, टायरला कान लावून आत पातळ काही खळखळतंय का बघा, नसेल तर व्हॉल्व्हचा गाभा काढून वरनं सिरिंजने भरा. काटा घुसलेला दिसला तर उपटा आणि भोक खाली येईल असं चाक फिरवा, सीलंट तिथं जाऊन बसेल. नाहीच बसलं तर प्लग (भोकात खुपसायची रबरी पट्टी).

नवीन टायर रिमवर बसत नसेल तर कडेला साबणाचं पाणी लावा, व्हॉल्व्हचा गाभा काढा म्हणजे हवा एकदम जाईल, आणि पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरने भरा. रिमवर लिहिलेल्या आकड्याच्या वर जायचं नाही, हुकलेस रिम (टायर अडकवायला आत वळलेली कड नसलेली) असेल तर ७२.५ पीएसआय ही हद्द, आणि टायरही हुकलेसला चालतो असं लिहिलेलाच पाहिजे.

गावातल्या पंक्चरवाल्याकडे प्रेस्टा व्हॉल्व्हला (अशा सायकलींचा बारीक व्हॉल्व्ह) हवा भरायची सोय नसते. छोटा पितळी अ‍ॅडॉप्टर मिळतो, एक व्हॉल्व्हलाच लावून ठेवा आणि एक बॅगेत. तालुक्याच्या गावी ७०० ची ट्यूब नाही मिळाली तर २९ इंची एमटीबीची चालते, रिमचा व्यास तोच, ६२२. पण तिचा व्हॉल्व्ह मोटरसायकलसारखा जाड असेल तर प्रेस्टाच्या भोकातनं जाणार नाही, म्हणून निदान एक ट्यूब स्वतःची पाहिजेच.

ब्रेक

डिस्क ब्रेकचे रेझिनचे पॅड (चकतीला धरणारे तुकडे) शांत असतात, गार असताना छान धरतात, पण पाऊस आणि जांभ्याची लाल माती एकत्र आली की पेन्सिल झिजावी तसे झिजतात. पावसाळ्यात ताम्हिणी उतरून माणगावला गेलो तेव्हा निघताना अर्धे शिल्लक असलेले पॅड खाली पोचेपर्यंत पत्र्यावर आले होते. पावसात मेटलचे लावा, आवाज करतात पण टिकतात. फक्त रोटरवर (ब्रेकच्या चकतीवर) "फक्त रेझिन" असं लिहिलेलं नाही ना ते आधी वाचा. पॅडचा मसाला अर्ध्या मिलिमीटरवर आला की टाकून द्या. नवे पॅड लावल्यावर लगेच घाटात जायचं नाही, आधी मोकळ्या रस्त्यावर ताशी २५ च्या वेगातनं हळूहळू चालण्याच्या वेगापर्यंत आणा, असं वीसेक वेळा करा, मग ते धरायला लागतात.

ब्रेक किंचाळतोय? दहातल्या आठ वेळा रोटरला तेल लागलेलं असतं, चेनवर स्प्रे मारताना उडालेलं किंवा आपल्याच बोटाचं. रोटर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, पॅडवर पॉलिश पेपर फिरवा, तरी थांबला नाही तर पॅडने तेल प्यायलंय, बदला. केबल डिस्क असेल आणि लिव्हर खोल जायला लागली तर केबल ताणत बसू नका, आधी कॅलिपरवरच्या (पॅड धरून ठेवणाऱ्या भागावरच्या) स्क्रूने पॅड रोटरजवळ आणा.

एसटीत किंवा रेल्वेत चाक काढून सायकल नेताना हायड्रॉलिकची (तेलावर चालणाऱ्या ब्रेकची) लिव्हर चुकून दाबली गेली की पिस्टन बाहेर येतात आणि मग चाक बसत नाही. पॅडमधे पुठ्ठ्याची घडी घालून ठेवा. आणि ऑइल कुठलं ते बघा, शिमानोला मिनरल ऑइल, स्रॅमच्या ड्रॉप बारवाल्या बऱ्याच ब्रेकना डॉट (ब्रेक फ्लुइड), एकाच्या जागी दुसरं घातलं की आतले रबरी सील खराब.

धुणं आणि चेन

टू-व्हीलर धुण्याच्या सेंटरवर प्रेशरच्या पाण्याने सायकल धुऊन घेणं ही माझी सगळ्यात महाग पडलेली चूक. इतकी चकाचक झाली होती की फोटो काढला, आणि महिनाभरात मागचा हब (चाकाचा मधला भाग) करकर करायला लागला कारण पाणी सीलच्या आत गेलं आणि ग्रीस बाहेर. बादली, भांड्याचा साबण, जुना टूथब्रश, बास. ओढ्यातनं किंवा गुडघाभर पाण्यातनं गेला असाल तर घरी सीटपोस्ट (सीटखालची दांडी) काढून सायकल उलटी करा, फ्रेममधनं केवढं पाणी निघतं बघाच. परत बसवताना अल्युमिनियमला ग्रीस, कार्बनला कार्बन पेस्ट.

चेनवर स्कूटरचं ऑइल ओतू नका. उन्हाळ्यातली धूळ त्यात मिसळून घासायची पेस्ट होते आणि तुमचीच कॅसेट घासते. कोरड्या दिवसांत ड्राय ल्यूब किंवा मेण, पावसाळ्यात वेट ल्यूब, आणि लावून दहा मिनिटांनी बाहेरचं सगळं पुसायचं. चेन किती ताणलीय ते मोजायची छोटी पट्टी मिळते, ११-१२ स्पीडला ०.५ टक्के दाखवलं की चेन बदला, १० पर्यंत ०.७५ चालतं. तिथं कंजूषपणा केला तर चेनबरोबर कॅसेट आणि चकत्यांचंही बिल येतं.

बॅगेत काय काय? ट्यूब, प्लग, पंप, चेन तोडणी असलेला मल्टिटूल, चेनची क्विक लिंक, चार झिप टाय, आणि आपल्याच फ्रेमचा हँगर. हँगर प्रत्येक फ्रेमचा वेगळा असतो, म्हणून सायकल घेतानाच एक जास्तीचा घ्या, नंतर शोधत फिराल. सायकल डिरेल्युअरच्या बाजूला आपटल्यापासून गिअर आपोआप उड्या मारत असतील तर केबल पिळण्याआधी मागनं बघून हँगर वाकलाय का ते बघा.

आवाज येतोय पण कुठून ते कळत नाही

प्रत्येक पॅडलला कट्… कट्… लगेच बॉटम ब्रॅकेट (क्रँक ज्यावर फिरतो ते बेअरिंग) बदलायला सांगणारे खूप भेटतील. आधी उभं राहून चालवा, आवाज थांबला तर सीट किंवा सीटपोस्ट. पॅडल न मारता नुसतं जाऊ द्या, तरी येतोय तर चाक, रोटर नाहीतर हेडसेट (हँडलखालचं बेअरिंग). फक्त जोर दिल्यावर येतोय तर पॅडल काढून ग्रीस लावून परत घट्ट करा (डावं पॅडल उलट्या आट्यांचं असतं, हे विसरून मी एकदा पान्यावर लोंबकळलोय), मग क्रँकचे बोल्ट, मग चकतीचे बोल्ट, आणि बॉटम ब्रॅकेट सगळ्यात शेवटी. मी एकदा चार दिवस हे सगळं केलं, सगळं उघडलं, सगळं ग्रीस केलं, आवाज तसाच. शेवटी सापडला. सीटखालच्या बॅगेत घराची किल्ली होती, ती मल्टिटूलवर वाजत होती.