पोराला झेडपीत घालायचं की इंग्लिश मीडियमला? ठरवायच्या आधी एवढं करा

गुढीपाडव्याला झेडपीचे गुरुजी आणि मॅडम पटनोंदणीसाठी दारोदार फिरायला लागतात, पण खाजगी शाळांची ॲडमिशन त्याच्या कितीतरी आधी डिसेंबर-जानेवारीतच उरकत आलेली असते, त्यामुळं बऱ्याच घरांत निर्णय घाईत होतो, शेजारच्यांनी घातलं म्हणून आपणपण घातलं. माझं सरळ म्हणणं आहे की हा निर्णय नवरा-बायकोनं रात्री बसून एकट्या घरापुरता घ्यायचाच नाही, वस्तीत त्याच वयाची पोरं असलेली जी चार-पाच घरं आहेत त्यांनी मिळून घ्यायचा.

का ते सांगते. आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायद्यात पहिली ते पाचवीच्या शाळेला ६० पोरांपर्यंत दोन शिक्षक आहेत आणि ६१ ते ९० ला तीन. म्हणजे ६२ चा पट असलेल्या शाळेतनं दोन घरांनी पोरं काढली तरी पुढच्या संचमान्यतेत, म्हणजे पटावरनं शिक्षकांची पदं ठरवतात तेव्हा, एक शिक्षक जाऊ शकतो, मग दोघांवर पाच वर्ग येतात, शिकवणं ढिलं पडतं, ते बघून अजून चार घरं पोरं काढतात. कुणाचाच हेतू वाईट नसतो पण गावची शाळा अशीच बंद पडते. आणि हेच उलटंपण होतं. शिरूर तालुक्यातली वाबळेवाडीची झेडपी शाळा गावकरी मागं उभे राहिले म्हणून नावारूपाला आली, बाहेरची लोकं तिथं प्रवेशासाठी रांग लावायची. खेड तालुक्यातल्या जालिंदरनगरची शाळा पटाअभावी बंद पडायच्या बेतात होती, तिला २०२५ मध्ये जगातल्या उत्तम शाळांसाठीच्या स्पर्धेत लोकांच्या पसंतीचा पुरस्कार मिळाला. दोन्हीकडं शिक्षक चांगले होतेच, पण गाव बरोबर नसतं तर एकट्या शिक्षकानं काय केलं असतं?

आता प्रत्यक्ष काय करायचं ते.

पहिलं, दोन्ही शाळा चालू दिवशी, चालू वेळेत बघायला जा. गॅदरिंगला नाही आणि ॲडमिशनच्या रविवारी तर नाहीच, तेव्हा सगळ्याच शाळा छान दिसतात. इमारत, स्मार्ट बोर्ड, टायवाला ड्रेस हे सगळं नंतर बघा. आधी तिसरीच्या वर्गात परवानगी घेऊन बसा आणि एखाद्या पोराला दुसरीच्या पुस्तकातला उतारा वाचायला द्या, मग त्याला विचारा की बाळा काय वाचलंस ते तुझ्या शब्दांत सांग. एक हातच्याची वजाबाकी द्या. पोरांना वाचन-गणित किती येतं ते बघणारा प्रथम संस्थेचा असर सर्वे साधारण असाच करतात, त्याला काही मोठं शिक्षण लागत नाही, आजीसुद्धा करू शकते. इंग्लिश मीडियमच्या शाळेत हे जास्तच गरजेचं आहे कारण तिथं पोरगं इंग्लिश घडाघडा वाचतं आणि अर्थ विचारला की गप्प होतं. वाचता येतंय पण समजत नाही असं ज्या शाळेत तीन-चार पोरांचं दिसलं तिची फी कितीही असो, माझ्या मते ती शाळा नको.

दुसरं, शिक्षकांबद्दल विचारा. झेडपीत विचारायचं की दोघं-तिघं शिक्षक किती वर्षं इथं आहेत आणि बदलीपात्र कोण आहे, कारण चांगल्या मॅडमकडं बघून पोरगं घातलं आणि पुढच्या वर्षी त्यांची बदली झाली असं होतं. खाजगीत विचारायचं की डीएड-टीईटी किती जणांचं झालंय आणि मागच्या वर्षी किती टीचर सोडून गेल्या. कमी पगारावर टीचर टिकत नाहीत आणि मधेच टीचर बदलली की पहिली-दुसरीचं लहान पोर बावरतं. हे विचारल्यावर शाळेला राग येत असेल तर तेही एक उत्तरच आहे.

खाजगी शाळेची मान्यता नक्की बघा. मान्यतेचं पत्र आणि यूडायस नंबर (शाळेचा सरकारी नोंदीतला नंबर) मागा, खऱ्या शाळेकडं दोन्ही असतं. प्रवेशासाठी पोराची किंवा आईबापाची परीक्षा-मुलाखत घेता येत नाही, कायद्यानं बंदी आहे, पहिल्यांदा सापडले तर २५ हजारांपर्यंत दंड आहे. डोनेशन घेतलं तर घेतलेल्या रकमेच्या दहापटीपर्यंत. कुणी मागितलं तर पावतीशिवाय एक रुपया देऊ नका.

खर्च मात्र पहिलीचा नाही, दहावीपर्यंतचा मांडा. समजा फी ३० हजार, व्हॅन महिन्याला हजार धरून १० हजार, ड्रेस-पुस्तकं-प्रोजेक्ट ५ हजार, आणि घरी कुणाला इंग्लिश येत नसेल तर ट्यूशन अजून १० हजार, झाले वर्षाचे ५५ हजार, फी अजिबात वाढली नाही तरी दहा वर्षांत साडेपाच लाख. दोन पोरं असतील तर दुप्पट. बरीच घरं पाचवी-सहावीला येऊन थकतात आणि मग पोराला मराठी शाळेत आणतात, त्या पोराला मराठी लिहिता येत नाही आणि इंग्लिशपण कच्चं, त्याचे फार हाल होतात. दहा वर्षं झेपणार असेल तरच त्या वाटेला जा नाहीतर शेजारची सेमी-इंग्लिश झेडपी किंवा अनुदानित शाळा बघा, अनुदानित शाळा लोकं विसरूनच जातात.

आरटीईत खाजगी शाळांच्या २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल गटातल्या पोरांना मोफत असतात, त्यात नंबर लागत असेल तर जरूर अर्ज करा, वंचित गटाला (एससी, एसटी वगैरे) उत्पन्नाची अट नाही, दुर्बल गटाला वर्षाला १ लाखाच्या आतला दाखला लागतो. २०२४ मध्ये सरकारनं जवळ सरकारी शाळा असेल तर खाजगीला यातनं सूट दिली होती, हायकोर्टानं ते रद्द केलं, त्यामुळं हा हक्क आहे. फक्त मोफत आठवीपर्यंतच आहे, नववीला पूर्ण फी येते, ते पैसे आत्तापासून बाजूला टाकायला लागतील.

आता खरा मुद्दा. शाळा पाच-सहा तास, बाकीचा वेळ पोर आपल्या गल्लीत, पारावर, चुलत्या-मावशीच्या घरी वाढतं. व्हॅननं लांब जाणारं पोरगं सकाळी सातला जातं आणि दमून येतं, गल्लीतली पोरं त्याला ओळखेनाशी होतात, आणि मग ते घरात मोबाईल घेऊन बसतं. म्हणून शाळा कुठलीही घ्या, संध्याकाळ एकत्र ठेवा. सांगली जिल्ह्यात मोहित्यांचे वडगाव इथं संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि दीड तास सगळ्या गावात टीव्ही-मोबाईल बंद, पोरं अभ्यासाला आणि मोठी माणसं वाचायला किंवा बोलायला. २०२२ पासून चालू केलं, ग्रामसभेत ठरवून. एका घरानं ठरवलं तर पोरगं रडतं की शेजारी टीव्ही चालूय, सगळ्यांनी ठरवलं की रडायचं कारणच उरत नाही. भोंगा नसला तरी समाजमंदिरात एक दिवा आणि एक पंखा पुरतो, आळीपाळीनं एक आई किंवा आजोबा बसायचे, झेडपीची आणि इंग्लिश मीडियमची पोरं एकाच चटईवर. शिकवायची गरज नाही, वाचून घ्या, पाढे म्हणून घ्या, जुन्या गोष्टी सांगा. बीडकडं ऊसतोडीला जाणाऱ्या आईबापांची पोरं हंगामी वसतिगृहाच्या योजनेतनं गावातच आजीकडं-नातेवाइकांकडं राहतात आणि जेवणाची सोय शाळा समिती बघते, एवढं अवघड काम गावं करतात तर संध्याकाळचा एक तास कुठलीही वस्ती करू शकते.

झेडपीत घातलं तर शाळा व्यवस्थापन समितीत जा. कायद्यानं त्यात ७५ टक्के पालक लागतात आणि निम्म्या बायका, पण खूप ठिकाणी सह्या घरी येऊन घेतात आणि बैठक कागदावरच होते. तुम्ही म्हणा की आम्ही बसणार. शाळेचा विकास आराखडा ही समिती करते, शिक्षक कमी असेल तर ठराव करून केंद्रप्रमुख आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांकडं अर्ज द्या आणि पोचपावती घ्या, एकट्या पालकाच्या अर्जापेक्षा ठरावाला वजन असतं. बायकांनी बैठकीत मागं बसू नये, पोषण आहाराची चव, मुलींचं टॉयलेट, पाण्याची टाकी हे त्यांनाच आधी कळतं. खाजगीत असाल तर पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीत जा, फीवाढीचा प्रस्ताव तिथं येतो, सगळं ठरल्यावर गेटवर ओरडून काही होत नाही.

आणि एखादी शाळा नाहीच जमली तर पोराला तिथंच कुजवू नका. सरकारी किंवा अनुदानित शाळेत जायला मुख्याध्यापकांनी दाखला लगेच द्यायला लागतो, आणि दाखला यायला उशीर झाला म्हणून नवीन शाळेला प्रवेश नाकारता येत नाही, वर्षाच्या मधेसुद्धा. शक्यतो मे महिन्यात बदला, म्हणजे नवीन वर्गातल्या दोन-तीन पोरांशी सुट्टीत खेळून ओळख होते, आणि त्या पोरांच्या आयांशी तुमचीपण.