मावा सुटत नाही? आधी तो कधी लागतो ते बघा

कुपवाड एमआयडीसीत कामाला आहे, बारा वर्षं मावा (सुपारी, तंबाखू, चुना) खाल्ला. डबा संपला की हात खिशात, पुडी तळहातावर घेऊन रगडायची, रबर काढायचं, चिमूट गालात, आणि हे सगळं होईपर्यंत शेजारच्याशी क्रिकेटच्या गप्पा चालूच. मावा खायचा असं मी ठरवतच नव्हतो, तो खाल्ला जायचा. म्हणून "मनावर घे, सुटेल" म्हणणाऱ्यांचा मला राग यायचा, मन त्यात असतंय कुठं?

मेंदूत खोलवर बेसल गँग्लिया नावाचा भाग आहे, सवयींचं बरंचसं काम तिथं चालतं. अमेरिकेत एमआयटीच्या ॲन ग्रेबिएल यांनी उंदरांना चॉकलेटसाठी टी आकाराच्या वाटेवर सोडलं होतं. उंदीर नवीन होते तेव्हा या भागातल्या पेशी वाटभर काम करायच्या, पण वाट अंगवळणी पडल्यावर त्या मुख्यतः सुरुवातीला आणि शेवटाला जोरात चालायच्या. मधलं सगळं एकच गाठोडं झालं. म्हणजे एकदा का पुडी हातात आली की गाडी उताराला लागली, तिथं ब्रेक लावणं लई अवघड, जे काय करायचं ते पुडीच्या आधी करायचं.

दुसरी गोष्ट डोपामिनची, म्हणजे बक्षिसाची ओढ लावणाऱ्या मेंदूतल्या रसायनाची. वुल्फ्राम शुल्ट्झ या मेंदूशास्त्रज्ञांना माकडांवरच्या प्रयोगात दिसलं की आधी डोपामिनच्या पेशी सरबत मिळाल्यावर उसळत होत्या, आणि शिकल्यावर त्या सरबताची खूण दिसल्यावरच उसळायला लागल्या. आपली खूण म्हणजे टपरी, टपरीपुढं उभा असलेला दोस्त, चहाचा वास.

तर पहिले चार-पाच दिवस काही सोडू नका, नुसतं मोबाईलमध्ये लिहा. किती वाजता, कुठं, सोबत कोण, त्याआधी काय झालं. मला वाटायचं मी दिवसभर खातोय, लिहिल्यावर कळलं की कारणं चारच आहेत: जेवण, चहा, घरी जाताना गाडीला किक मारली की, आणि मशीन बंद पडून साहेबांचं ऐकून घेतलं की.

मग एकच कारण पकडा आणि त्याला जर-तर लावा. पीटर गोलविट्झर या मानसशास्त्रज्ञांनी यावर बरंच काम केलंय, नुसतं "मी सोडणार" म्हणण्यापेक्षा "अमुक झालं की मी तमुक करणार" हे जास्त पाळलं जातं. माझं असं होतं, डब्याचं झाकण लावलं की उठायचं, नळावर डबा धुवायचा आणि तिथंच भाजकी बडीशेप तोंडात टाकायची. बडीशेप स्टीलच्या डबीत ठेवा, प्लॅस्टिकच्या पुडीत नको, कारण पुडीचा आवाज हीच एक खूण आहे. विश्रामबागला घरी जायचा रस्ताही मी बदलला, दोन किलोमीटर जास्त पडायचं पण टपरी लागायची नाही. तलफ आली तर पाच-दहा मिनिटं काढा, ती ओसरते. पहिले दोन-तीन दिवस डोकं दुखतं, चिडचिड होते, ते तंबाखूतलं निकोटिन बंद झाल्यामुळं होतं, घरच्यांना आधीच सांगून ठेवा.

आणि २१ दिवसांत सवय लागते म्हणतात, ते सोडून द्या. लंडनमध्ये ९६ जणांवर अभ्यास झाला, रोज पाणी पिणं, फळ खाणं असल्या साध्या सवयी अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, कुणाला १८ तर कुणाला २५४ पर्यंत लागतील असा अंदाज निघाला. एखादा दिवस चुकला म्हणून सगळं वाया गेलं असंही झालं नाही. त्यामुळं बडीशेप राहिली आणि मावा गेला तोंडात, तरी दुसऱ्या दिवशी परत डबीच उघडा. जुनी सवय पुसली जात नाही, तिच्यावर नवी बसते एवढंच. आठ महिन्यांनी तासगावला एका लग्नात जुनी गँग भेटली आणि माझा हात आपोआप खिशात गेला होता, खिशात डबी होती म्हणून निभावलं.

एकट्याला जमत नसेल तर १८००-११-२३५६ ला फोन करा, तंबाखू सोडण्यासाठीचा सरकारी नंबर आहे, पैसे लागत नाहीत.

आणि आज रात्री आरशासमोर तोंड उघडून तीन बोटं उभी घालून बघा. सुपारीनं गाल आतनं कडक होतात. मला अडीचच जात होती, आणि ठेच्यानं तोंडाची आग व्हायची ती मी मिरचीवर ढकलत होतो. तुमची पण जात नसतील तर उद्याच दातांच्या डॉक्टरकडं जा.