कापसाचा ‘आदर्श शेतकरी’ निवडताय? या चुका टाळा

विदर्भात हल्ली कापसाच्या पुरस्कारांना तोटा नाही. कंपन्या देतात, फाउंडेशनवाले देतात, कृषी प्रदर्शनवाले देतात. नाव कधी सेंद्रिय, कधी शाश्वत, कधी रिजनरेटिव्ह. निवड समितीची गाडी मात्र त्याच डांबरी रस्त्यानं, त्याच महिन्यात, पाटी लावलेल्या त्याच वावरापाशी थांबते. अशा समित्यांवर बसून त्याच त्या चुका बघायचा आता वीट आलाय.

जानेवारीत हिरवं वावर बघून भाळणं

सगळ्यात महागडी चूक हीच. मार्चच्या आत पैसे खर्च करायचे असतात, म्हणून समित्या जानेवारीत निघतात. शहरातून आलेल्या माणसाला हिरवी पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची झाडं, दिसली की तो खूश. नुसती ढेकळं दिसली की त्याला वाटतं, इथं काही केलेलंच नाही. प्रत्यक्षात बहुतेक वेळा उलटं असतं. डिसेंबरनंतरही पाणी देऊन उभी ठेवलेली पऱ्हाटी म्हणजे फरदड, म्हणजेच गुलाबी बोंडअळीला पुढच्या हंगामापर्यंत पोसायची सोय. २०१७ साली या अळीनं विदर्भाचा कापूस पोखरला. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. ते ज्यानं पाहिलंय, त्यानं फरदडीला हार घालू नये.

अशाच एका दौऱ्यात सेंद्रिय शेतकऱ्यांच्या एका गटाच्या प्रमुखाचं वावर दाखवलं गेलं. धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, पाटी, जीवामृताचे (शेण-गोमूत्राच्या द्रावणाचे) निळे ड्रम ओळीनं मांडलेले, आणि जानेवारी संपत आला तरी पात्या-फुलांवर असलेली कपाशी. समितीतले दोघं फोटो काढण्यात गुंग. माझ्या पिशवीत बीटी, म्हणजे सेंद्रिय शेतीत न चालणारं जनुक बदललेलं वाण, तपासायच्या पट्ट्या कायम असतात. पान चुरडून नळीतल्या द्रावणात घालायचं, पट्टी बुडवायची, दहाएक मिनिटं थांबायचं. एकच रेघ उमटली तर बीटी नाही, दोन उमटल्या तर आहे. दोन उमटल्या.

प्रमुख म्हणाला, ‘‘बाजूच्या वावरातून पराग आला असन, साहेब.’’

समितीनं मान डोलावली. अरे, शेजारच्या परागानं बोंडातली सरकी बिघडते, त्या झाडाचं पान नाही बदलत! घरचं बियाणं आधीच्या वर्षी भेसळलं असेल, तर मधूनच एखादं झाड तसं निघतं. म्हणून चारही कोपऱ्यांतली पानं घेतली. सगळीकडे दोन रेघा, म्हणजे बियाणं दुकानातल्या पाकिटातलं. मग एका ड्रमचं झाकण उचललं. आत ठणठणीत कोरडं, आणि कोळ्याचं जाळं.

त्याच रस्त्यावर थोडं पुढं एक गाव होतं. तिथं शिवारात एकही पऱ्हाटी उभी नव्हती. डिसेंबर संपायच्या आत सगळ्यांनी उपटलेली, काहींनी यंत्रानं बारीक करून जमिनीतच मिसळलेली. एकट्यानं फरदड सोडून भागत नाही, बोंडअळीचा पतंग धुरा बघून थांबत नाही. गावाला हे पटवलं होतं बचत गटाच्या अध्यक्ष असलेल्या एका बाईनं. तिचा अर्ज आला नव्हता, कारण अर्जासोबत सातबारा मागितला होता आणि सातबारा नवऱ्याच्या नावावर. मी म्हटलं, इथं तासभर थांबू. पण जेवण पुढच्या मुक्कामी सांगितलेलं होतं.

माझी पद्धत साधी आहे. एक चक्कर ऑगस्टमध्ये, पाऊस पडून गेल्यावर: कपाशीत तुरीच्या, मुगाच्या ओळी आहेत का, आणि वावरातून निघणारं पाणी गढूळ आहे की निवळ, ते तेव्हाच कळतं. गाडी गावाबाहेर सोडायची. अर्जदाराच्या आधी त्याच्या धुरेशेजाऱ्याशी बोलायचं. घरी गेलं की चहा ओसरीत घ्यायचा, पण पाणी प्यायच्या निमित्तानं फवारणीचा पंप ठेवलेल्या कोठीपर्यंत जायचं. कीटकनाशकाचा वास लपत नाही.

कागद बघणं, पण हिशेब न करणं

प्रमाणपत्र प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये आलं की समितीचं समाधान होतं. भारताचा राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रम २००१ पासून आहे, कागदांची कमतरता नाही. पण २०२० साली गॉट्स या जागतिक वस्त्र मानक संस्थेनं भारतातल्या तब्बल २०,००० टन ‘सेंद्रिय’ कापसामागची कागदपत्रं बनावट असल्याचं उघड केलं. तीही फोल्डरमध्ये नीटच लावलेली असणार.

म्हणून पाचवीतलं गणित करा. शंभर किलो कापसातून सरकी काढल्यावर साधारण ३४ किलो रुई निघते. गाठ १७० किलोची, म्हणजे एका गाठीला पाच क्विंटल कापूस. आता गटाचे एकर बघा, कोरडवाहू की ओलित ते बघा, आणि विकलेल्या गाठींवरून मागं या. मुरमाड कोरडवाहूत एकरी बारा क्विंटल निघत असतील, तर उरलेला कापूस कुठून आला ते विचारा. जिनिंगच्या, म्हणजे सरकी-रुई वेगळी करणाऱ्या कारखान्याच्या, पावत्या मागा. जिन आधी झाडून-पुसून घेतलं होतं का, हेही विचारा. नाहीतर बीटीची रुई तिथंच मिसळते.

बाकीच्या, थोडक्यात

बेटर कॉटन या शाश्वत कापसाच्या कार्यक्रमाला सेंद्रिय समजू नका. त्यात बीटी चालते, रासायनिक फवारणीही चालते. तो कार्यक्रम वेगळा, त्याचा हेतू वेगळा.

रूपांतर काळातल्या, म्हणजे रासायनिककडून सेंद्रियकडे वळत असलेल्या, शेतकऱ्याला अर्जातूनच वगळणं हा तर कहरच. वर्षायू पिकाला दोन वर्षं त्यात जातात. रसायनं सोडलेली, उत्पन्न घटलेलं, आणि सेंद्रिय म्हणून भावही नाही. खरी हिंमत त्याच वर्षांत लागते.

मातीचा एकच अहवाल पुरावा नव्हे. सेंद्रिय कर्ब वाढला म्हणायचं तर त्याच वावरातले, त्याच खोलीवरचे, काही वर्षांच्या अंतरानं घेतलेले नमुने हवेत.

‘मी मागच्या वर्षीपासून सुरू केलं’ म्हणणाऱ्या उत्साही नवख्यांना लगेच मंचावर चढवू नका. यवतमाळच्या सुभाष शर्मांनी नव्वदच्या दशकात रसायनं सोडली, पद्मश्री मिळाली २०२५ साली. इथं पोरं पहिल्या वेचणीआधी चॅनल काढतात.

इंग्रजीत सादरीकरण मागू नका. ते शेतकरी करत नाही, त्याचा सल्लागार करतो.

सन्मानचिन्हापेक्षा पुढच्या हंगामातल्या कापसाची खरेदी लेखी द्या: भाव काय, वजन कुठं होणार, पैसे किती दिवसांत. आणि समारंभ ऑक्टोबर-नोव्हेंबरात ठेवू नका. वेचणी चालू असते, मजूर बाया मिळत नाहीत, आणि अशा दिवशी शाल घ्यायला नागपूरला जाणाऱ्याचा फुटलेला कापूस अवकाळी पावसात भिजतो.